डोके चेपून दिल्याने अर्धशिशी थांबते का?

मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास. आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण सोडवणे चालू आहे आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी डोके हातांत धरून बसली आहे. विचारले तर म्हणते, "बाई, डोकं ठणकतंय. उजेडाकडे बघवत नाही." शेजारची मैत्रीण तिची कानशिले दाबून देते. तिला क्षणभर बरे वाटते. मागून कोणीतरी पुटपुटते, "गणिताचा तास आला की हिचं डोकं उठतंच." अर्ध्या तासाने ती मुलगी उलटी करते आणि मग सगळ्यांनाच पटते की ते सोंग नव्हते.

असा प्रसंग ज्याच्या वर्गात घडला नाही असा शिक्षक विरळाच. अशा वेळी आपण काय करतो? कोणी बाम लावायला देतो, कोणी प्रथमोपचार पेटीतली गोळी देतो, कोणी घरी निरोप धाडतो. घरी आजी डोक्यावर तेल घालून चांगले चोळून देते. "डोकं चेपून दिलं की उतरतं" हा आपल्याकडचा घरोघरचा अनुभव आहे. अनुभव खोटा नसतो. पण त्याचा अर्थ आपण लावतो तोच खरा असेल असेही नाही. चेपल्याने खरोखर काय होते? मुळात ज्या ठिकाणी आपण दाबतो, तिथेच दुखणे असते का? आणि एखाद्या उपायाने बरे वाटले, तर तो उपाय लागू पडला असे केव्हा म्हणता येईल? या तीन प्रश्नांचा माग काढत गेलो तर अर्धशिशीबद्दल बरेच काही कळते आणि वैज्ञानिक चाचणी कशी करायची असते तेही कळते.

अर्धशिशी म्हणजे कोणती डोकेदुखी?

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या डोक्याचे दुखणे. सुश्रुतसंहितेत मस्तकाच्या विकारांमध्ये 'अर्धावभेदक' नावाचा विकार सांगितला आहे. ग्रीकांनी त्याला 'हेमिक्रेनिया' म्हणजे 'अर्धी कवटी' म्हटले आणि त्या शब्दाची झीज होत होत 'मायग्रेन' हा शब्द तयार झाला. दोन दूरच्या संस्कृतींनी या आजाराला एकाच अर्थाचे नाव दिले, कारण त्याचे ते लक्षण ठळक आहे.

मात्र नुसते अर्धे डोके दुखणे म्हणजे अर्धशिशी नव्हे. डॉक्टर पुढील गोष्टी पाहतात. उपचार न केल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. वेदना ठणके मारल्यासारखी असते, बहुधा एका बाजूला असते आणि जिना चढला किंवा वाकले तरी वाढते. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. असे झटके पुन्हा पुन्हा येतात आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. मुलांमध्ये चित्र थोडे वेगळे दिसते. त्यांचा झटका दोन तासांतही ओसरू शकतो आणि कपाळाच्या दोन्ही बाजू दुखू शकतात. म्हणूनच 'मघाशी रडत होती, आता खेळतेय' असे पाहून मोठ्यांना संशय येतो.

हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना तो आहे असा अंदाज आहे. बंगळूर आणि त्याच्या परिसरातील १८ ते ६५ वर्षे वयाच्या २,३२९ लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण त्यात सुमारे २५ टक्के निघाले. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात हे प्रमाण जवळपास सारखे असते. वयात आल्यानंतर मात्र मुलींमध्ये ते दुप्पट-तिप्पट होते. म्हणजे आठवी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात या आजाराची दोन-तीन मुले-मुली असणार हे आपण धरूनच चालावे.

दुखते नेमके काय?

डोके दुखते म्हणजे मेंदू दुखतो, अशी आपली समजूत असते. पण मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. न्यूयॉर्कमधले शल्यविशारद ब्रॉन्सन रे आणि मज्जाविकारतज्ज्ञ हॅरल्ड वुल्फ यांनी १९४० साली याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूवरच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला पूर्ण भूल देत नाहीत. फक्त कातडी बधिर करतात आणि रुग्ण बोलू शकतो. अशा ३० रुग्णांच्या डोक्यातील वेगवेगळ्या भागांना स्पर्श करून या दोघांनी विचारले, दुखते का? मेंदूच्या गाभ्याला धक्का लागला तरी रुग्णाला वेदना होत नव्हती. पण मेंदूवरचे जाड आवरण आणि तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओढल्या गेल्या की वेदना होई, आणि ती कपाळावर, डोळ्यामागे किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला जाणवे.

त्याआधी, १९३८ साली, वुल्फ आणि जॉन ग्रॅहॅम यांनी दाखवले होते की झटका चालू असताना अर्गोटामिन हे औषध दिले की कानशिलावरच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि सोबत वेदनाही उतरते. यावरून सिद्धान्त तयार झाला की रक्तवाहिन्या फुगल्याने अर्धशिशी होते. कानशील दाबल्यावर किंवा कपाळाला फडके घट्ट आवळल्यावर बरे का वाटते, याचेही सोपे उत्तर मिळाले. फुगलेली धमनी आपण दाबतो, म्हणून! पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत हेच उत्तर होते.

उत्तर सोपे होते, पण पुरेसे नव्हते. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९ रुग्ण स्त्रियांच्या डोक्यातील धमन्यांची झटका चालू असताना चुंबकीय तंत्राने प्रतिमा घेतली आणि झटका नसतानाच्या प्रतिमेशी ती ताडून पाहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कवटीबाहेरच्या धमन्या दुखऱ्या बाजूला रुंदावलेल्या आढळल्या नाहीत. कवटीच्या आतल्या धमन्यांत जो फरक दिसला तो अगदी थोडा होता. म्हणजे कानशिलावरची धमनी फुगणे हे काही दुखण्याचे मूळ नव्हे.

मेंदूतली संथ लाट

मूळ शोधण्यासाठी दुसरीकडे वळावे लागते. अर्धशिशीच्या पाव ते एक तृतीयांश रुग्णांना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसतात. त्या हळूहळू पसरतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत नाहीशा होतात. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला स्वतःला हा त्रास होता. त्याने आपल्याच डोळ्यांपुढच्या रेषा कागदावर रेखाटल्या, वेळ नोंदवली आणि १९४१ साली हिशेब मांडला की मेंदूच्या दृष्टीच्या भागात काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे. वीस मिनिटांत ६ सेंटिमीटर. मुलांना हा गुणाकार जरूर करायला सांगावा. साधा कागद, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन एका माणसाने स्वतःच्या मेंदूतल्या घटनेचा वेग मोजला होता!

१९४४ साली आरिस्टिडीस लेआव या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूच्या बाह्य थरावर अशीच एक संथ लाट पाहिली. तिच्या मार्गातल्या चेतापेशी आधी उत्तेजित होतात आणि मग काही काळ गप्प पडतात. वेगही तसाच, मिनिटाला काही मिलिमीटर. २००१ साली झटक्याच्या वेळी माणसाच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या, तेव्हा तिथेही तोच प्रकार दिसला.

आता वेदनेकडे येऊ. चेहरा, कपाळ, डोळे, दात आणि मेंदूचे आवरण या सर्वांच्या संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूकडून मेंदूकडे जातात. त्याला तीन शाखा आहेत, म्हणून तो त्रिशाखी मज्जातंतू. अर्धशिशीत या मज्जातंतूची मेंदूच्या आवरणातली टोके चिडतात आणि सीजीआरपी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक रसायन बाहेर टाकतात. झटक्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात हे रसायन वाढलेले असते, असे पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांनी १९९० साली दाखवले. याच रसायनाचे काम रोखणारी नवी औषधे २०१८ पासून वापरात आली. या संशोधनासाठी २०२१ सालचे 'ब्रेन प्राइझ' मायकेल मॉस्कोविट्झ, येस ओलेसेन आणि वरील दोघे अशा चौघांना मिळाले.

थोडक्यात, अर्धशिशी हा मेंदू आणि त्याचे मज्जातंतू यांचा आजार आहे. तो स्वभावदोष नव्हे आणि अभ्यास टाळण्याची युक्तीही नव्हे.

मग मान का दुखते?

झटका येताना मान आणि खांदे आखडतात असे बहुतेक रुग्ण सांगतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर झटक्यांमध्ये मळमळीपेक्षा मान दुखण्याचे प्रमाण जास्त आढळले. आपण म्हणतो, "मान अवघडली म्हणून डोकं धरलं." हे कधी कधी खरेही असते. पण बऱ्याचदा गोष्ट उलटी असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

एखादे एस.टी. स्थानक डोळ्यांपुढे आणा. दोन वेगळ्या गावांच्या गाड्या तिथे एकाच फलाटावर लागतात आणि पुढे शहराकडे जाणारी गाडी एकच आहे. शहरात उतरलेला प्रवासी कोणत्या गावचा, हे उतरवून घेणाऱ्याला कळत नाही. आपल्या शरीरात असेच एक स्थानक मेंदूच्या खालच्या टोकापासून मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत पसरलेले आहे. त्रिशाखी मज्जातंतूकडून आलेल्या वेदनेच्या वार्ता तिथे पोचतात आणि मानेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या मज्जातंतूंच्या वार्ताही तिथेच पोचतात. दोन्ही वार्ता पुष्कळदा त्याच चेतापेशी उचलतात आणि पुढे पाठवतात. त्यामुळे मानेतली कळ डोळ्यामागे जाणवू शकते आणि मेंदूच्या आवरणातली वेदना मानेत जाणवू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांत मेंदूचे आवरण चिडवले की मानेकडून येणाऱ्या संवेदनांना या पेशी जास्त जोरात प्रतिसाद देतात असे दिसले आहे. म्हणजे आखडलेली मान हे अनेकदा झटक्याचे कारण नसून तो झटक्याचाच भाग असतो.

मालिशीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? मानेच्या मागच्या बाजूला, कवटीच्या कडेला बोटे फिरवली की तिथल्या मज्जातंतूंतून वार्ता निघते आणि ती त्याच स्थानकात पोचते. आपला हात मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकत नाही. त्याचा निरोप मात्र वेदनेच्या फलाटापर्यंत पोचतो.

स्पर्शाचा निरोप

हा निरोप काय करतो? कोपर दाराला आपटले की आपण ते लगेच चोळतो. हे कोणी शिकवावे लागत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचे एक स्पष्टीकरण मांडले. स्पर्श आणि दाब यांची वार्ता जाड, वेगवान तंतूंतून जाते, तर वेदनेची वार्ता बारीक, संथ तंतूंतून. मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते. स्पर्शाच्या वार्तांची गर्दी झाली की हे फाटक काही अंशी लागते आणि वेदनेची वार्ता पुढे कमी जाते. त्यांच्या आराखड्यातले बारकावे पुढे बदलले, पण वेदनेची वार्ता वाटेत कमी-जास्त केली जाते ही मुख्य कल्पना टिकली.

स्पर्शाची आणखी एक वाट आहे. केसाळ त्वचेत काही बारीक तंतू असे असतात की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. आई लेकराच्या कपाळावरून हात फिरवते तो वेग साधारण हाच. या स्पर्शाने बरे वाटते, मन निवते. मालिश झाल्यावर नाडीचे ठोके मंदावतात आणि अस्वस्थता कमी होते हेही मोजून पाहिलेले आहे. ताण आणि अपुरी झोप ही अर्धशिशीच्या झटक्यांना चालना देणारी नेहमीची कारणे आहेत. तेव्हा नियमित मालिशीने झोप सुधारली तर झटके कमी होतील अशी अपेक्षा करायला जागा आहे.

आता दुसरी बाजू. रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ४२ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३३ जणांच्या त्वचेला, झटका चालू असताना, एरवी न दुखणारा स्पर्शही दुखत होता. केस विंचरणे, चश्म्याची काडी, कानातले डूल, उशीचा स्पर्शसुद्धा सहन होत नव्हता. झटका जोर धरतो तसे ते वेदनेचे स्थानकच हळवे होते आणि साध्या स्पर्शाची वार्ताही वेदना म्हणून पुढे जाते. अशा वेळी "थोडं सोस, जोरात चोळलं की उतरेल" असे म्हणणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. सुरुवातीला मैत्रिणीने कानशील दाबल्यावर जिला बरे वाटले, तीच मुलगी अर्ध्या तासाने "हात नको लावूस" म्हणते. यात विसंगती काहीच नाही.

बरे वाटले हे खरे, पण कशाने?

अर्धशिशीचा झटका कधी ना कधी आपोआप थांबतोच. दुखणे शिगेला पोचले की आपण उपाय करतो आणि त्यानंतर ते उतरणीला लागते. मग श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. उपायाच्या श्रद्धेचाही परिणाम होतो, आणि तो काल्पनिक नसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील एका प्रयोगात ६६ रुग्णांना वेगवेगळ्या झटक्यांच्या वेळी कधी खरी गोळी तर कधी औषध नसलेली लटकी गोळी दिली गेली. पाकिटावरची चिठ्ठी कधी खरी होती, कधी खोटी. पाकिटावर 'लटकी गोळी' असे स्पष्ट लिहिलेले असतानाही ती घेतल्यावर काहीच न घेतल्यापेक्षा जास्त आराम पडला. खरी गोळी 'लटकी' म्हणून दिली तर तिचा गुण घटला.

म्हणून चाचणी करताना तुलना लागते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ४७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. एका गटाला सहा आठवडे, आठवड्यातून एकदा मालिश दिली, दुसऱ्याला दिली नाही. सर्वांनी १३ आठवडे रोजची नोंद ठेवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मालिश झालेल्या गटात झटक्यांची संख्या अधिक घटली आणि झोप अधिक सुधारली. मालिश थांबल्यावरही तीन आठवडे हा फरक टिकला.

हा निष्कर्ष आशादायक आहे, पण एक अडचण राहते. गोळी लटकी करता येते, मालिश लटकी कशी करणार? आपल्याला मालिश मिळाली की नाही हे प्रत्येकाला ठाऊकच असते. नॉर्वेमधील संशोधकांनी यावर एक युक्ती केली. त्यांचा विषय मालिश नव्हता, मणक्यांना झटका देऊन केला जाणारा उपचार होता. १०४ रुग्णांचे तीन गट केले. एकाला खरा उपचार, दुसऱ्याला खांद्याच्या फऱ्याच्या कडेला वगैरे भलत्याच जागी दिलेला लटका उपचार आणि तिसऱ्याला नेहमीचीच औषधे. आपल्याला खरा उपचार मिळाला असेच दुसऱ्या गटातल्याही बहुतेकांना वाटत होते. २०१७ साली आलेला निकाल असा: खऱ्या आणि लटक्या, दोन्ही गटांतले दुखण्याचे दिवस कमी झाले आणि दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे गुण आला तो बहुधा अपेक्षेचा आणि मिळालेल्या आस्थेचा होता.

या सगळ्यातून प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात केलेली सौम्य, नियमित मालिश काहींना उपयोगी पडते. पण तिच्यावरचे प्रयोग थोडे आहेत आणि लहान आहेत. औषधोपचाराला जोड म्हणून ती घ्यायला हरकत नाही. औषधाच्या जागी तिला बसवू नये.

वर्गात करून पाहा

कपडे वाळत घालण्याचे चिमटे आणा. मुलांच्या जोड्या करा. ज्याला नको असेल त्याच्यावर सक्ती करू नका. एकाच्या डाव्या हाताच्या करंगळीला २० सेकंद चिमटा लावायचा आणि दुखण्याला ० ते १० यांपैकी गुण द्यायचे. हे दोनदा करायचे. एकदा त्याच हाताच्या मनगटावर जोडीदार हात फिरवील, एकदा दुसऱ्या हाताच्या मनगटावर. आधी कोणते करायचे हे नाणे उडवून ठरवा आणि दोहोंमध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. मग सर्व जोड्यांच्या गुणांची सरासरी फळ्यावर मांडा.

दुसऱ्या हातावर का फिरवायचा? लक्ष विचलित झाल्यानेही दुखणे कमी वाटते, तेवढा भाग वेगळा काढता यावा म्हणून. नाणे का? सगळ्यांनी एकच क्रम ठेवला तर सवयीचा परिणाम मिसळेल म्हणून. 'चोळल्याने कमी दुखते' हे आधीच सांगितलेल्या वर्गात आणि न सांगितलेल्या वर्गात निकाल वेगळे येतात का, हेही पाहा. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तरी तो तसाच लिहावा. चर्चेला तोच जास्त उपयोगी पडतो.

मालिश कशी असावी, कशी नसावी

मालिश झटका नसताना करावी. बोटांच्या पेरांनी, संथ गतीने, कवटीच्या मागच्या कडेला, मान आणि खांदा यांमधल्या स्नायूंवर आणि कानशिलांवर दहा-पंधरा मिनिटे पुरे. दाब किती हवा हे ज्याचे डोके आहे त्याने ठरवावे. तेलाचे काम मुख्यतः घर्षण कमी करण्याचे आहे. उग्र वासाचे तेल किंवा बाम टाळलेले बरे, कारण अर्धशिशीच्या पुष्कळ रुग्णांना वास सोसत नाही. झटक्याची चाहूल लागताच हलका हात फिरवल्याने बरे वाटत असेल तर फिरवावा, 'नको' म्हटल्याबरोबर थांबवावा.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते तिथे, कधीही दाबू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मानेला झटका देऊ नये. दाढी-कटिंग झाल्यावर डोक्याची चंपी करून शेवटी मान एकदम वळवून 'कट्' असा आवाज काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार धमन्या मानेतून वर जातात. त्यांपैकी दोन मणक्यांच्या भोकांतून जातात. अचानक पिळ्याने धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण तरुण माणसांतही घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. १९९३ साली एका अमेरिकन डॉक्टराने पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. केशरचनागृहात केस धुण्यासाठी मान मागे वाकवून ठेवल्यानंतर त्यांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला होता. मान आणि डोके एकाएकी नव्याने दुखू लागणे हे कधी कधी अशा चिरेचेच पहिले लक्षण असते. म्हणून असे दुखणे घेऊन चंपीला जाऊ नये.

पुढील लक्षणांत मालिश, बाम, गोळी यांत वेळ न घालवता मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे: विजेसारखी एकाएकी आलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठ झालेली मान, हातापायांतली शक्ती जाणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, दिवसेंदिवस वाढत जाणारे आणि सकाळी उलट्यांसह येणारे दुखणे.

गोळ्यांविषयीही एक इशारा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत तर ही मर्यादा १० दिवसांची आहे. १६ वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. शाळेची प्रथमोपचार पेटी या दृष्टीने एकदा तपासून पाहावी.

शिक्षकाच्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे. ज्या मुलीचे डोके वारंवार दुखते तिला एक छोटी वही करायला सांगा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती वेळ टिकले, आदल्या रात्रीची झोप, सकाळी काय खाल्ले, पाळीचे दिवस, घेतलेली गोळी आणि तिचा गुण, एवढ्याच नोंदी. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांच्या हाती पडली तर निदान पुष्कळ सोपे होते. उपाशीपोटी शाळेत येणे, दिवसभर पाणी न पिणे, परीक्षेच्या आधीची जागरणे या गोष्टी त्या वहीत आपोआप दिसू लागतात. मालिश सुरू केली तर तीही लिहावी. आपल्यापुरता तिचा उपयोग आहे की नाही, हे मग आठवणीवर न सोडता नोंदींवरून ठरवता येईल.

झटका आला की तिला वर्गाबाहेर एखाद्या शांत, कमी उजेडाच्या खोलीत पडू द्या. पाणी द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल तर ती लवकर घेऊ द्या, कारण झटका जोर धरण्याआधी घेतलेली गोळी जास्त लागू पडते. बुडालेला तास नंतर भरून काढता येतो.

आणि मैत्रीण तिची कानशिले दाबून देत असेल तर तिला रागावू नका. त्या हाताने अर्धशिशी बरी होणार नाही. पण 'तुझं दुखतंय हे मला पटलंय' एवढे तो हात सांगतो, आणि वर बोस्टन आणि नॉर्वेच्या प्रयोगांत पाहिले त्याप्रमाणे तेवढ्यानेही वेदना काही अंशी कमी होते. उपचार डॉक्टर करतील. तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवण्याचे काम मात्र आपल्याला आजच करता येईल.